कडबाकुट्टी सारखी अडकते? मोटर बदलण्याआधी पात्याची फट बघा

ऊसतोड सुरू झाली की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात गोठ्यागोठ्यातून एकच तक्रार कानावर येते. "मशीन ओढतच नाही, दर दोन पेंढ्यांना अडकतंय." माण, खटाव, जतकडे शाळूचा कडबा गंजीला लागला की तिकडेही तेच रडगाणं. मग कोणी सांगतो मोटर मोठी बसवा, कोणी सांगतो पट्टा नवा टाका, कोणी म्हणतो वैरणच ओली आहे. यातलं थोडंफार खरं असतं. पण सारखी अडकणारी कडबाकुट्टी उघडून बघितली तर बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. चाकावरचं पाते आणि खाली बसवलेली स्थिर पट्टी यांच्यातली फट वाढलेली असते. वैरण कापली जाण्याऐवजी त्या फटीत दुमडते, पुढची वैरण तिच्यावर येऊन चेपते आणि चाक थबकतं.

याला नुसती कामाची खोटी समजू नका. ज्यांची बोटं या मशीनमध्ये गेली त्यांतले कितीतरी जण अडकलेली वैरण काढायला किंवा पुढे ढकलायलाच हात घेऊन गेलेले असतात. मशीन विनातक्रार ओढत असेल तर हात वैरण आत ओढणाऱ्या रोलरजवळ नेण्याचं कारणच उरत नाही. म्हणून मशीनची दुरुस्ती आणि हाताची काळजी ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही, आणि इथंही ती वेगळी सांगणार नाही.

अडकल्यावर पहिलं काय करायचं

गिअरचा दांडा असलेल्या मशीनला पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन जागा असतात. मशीन अडकून आवाज बदलला की लगेच दांडा मध्ये आणा, मग मागे टाका. चाक अजून फिरत असेल तर बऱ्याचदा वैरण आपसूक बाहेर येते. नाही आली तर जोर लावू नका. बटण बंद करा आणि मोटरची पिन बोर्डातून उपसून काढा, किंवा थ्री फेज असेल तर मेन स्विच खाली करा. बटण बंद म्हणजे मशीन बंद, असं धरून चालू नका.

ते का, हे नीट समजून घ्या. आपल्याकडे लाईट मधूनच जाते. मशीन अडकलंय, एवढ्यात लाईट गेली, चाक थांबलं. माणसाला वाटतं बरं झालं, आता काढून घेऊ. तो हात घालतो. आणि दोन मिनिटांत लाईट परत येते. साध्या बटणावर चालणारी सिंगल फेजची मोटर अशा वेळी कोणी हात न लावता आपोआप सुरू होते, कारण बटण चालूच राहिलेलं असतं. ज्या स्टार्टरला ऑटो जोडलेला असतो तोही हेच करतो. विहिरीच्या मोटरला ऑटो ठीक आहे, कडबाकुट्टीला तो कधीही नको. हिरवं-लाल बटण असलेला, आत नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवून घ्या. लाईट गेली की तो स्वतः सुटतो, आणि लाईट आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. या मशीनवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हा करा. मोठ्या मोटरचं नंतर बघू.

पिन काढल्यावरही चाक लगेच थांबत नाही. जड चाक आहे, ते स्वतःच्या वजनाने फिरत राहतं, आणि त्या फिरण्यात बोट तोडण्याइतकी ताकद सहज असते. पूर्ण थांबू द्या. मग चाकाच्या आऱ्यातून लाकडी खुंटी किंवा मशीनसोबत आलेली अडकवणी घाला म्हणजे ते कुठल्याच बाजूला वळणार नाही. त्यानंतर वरच्या रोलरची स्प्रिंग ढिली करून वैरण ट्रेच्या बाजूने मागे ओढा. पात्याच्या बाजूने हाताने उपसू नका. बंद पात्यालाही धार असतेच.

कुट्टी हातात घेऊन बघा

दोष कुठं आहे हे मशीनपेक्षा कुट्टी जास्त स्पष्ट सांगते. ओंजळभर कुट्टी उजेडात धरा. तुकड्याची दोन्ही टोकं स्वच्छ कापलेली असतील आणि तरी मशीन थांबत असेल तर पाती ठीक आहेत, कमी पडतेय ती ताकद. पट्टा, व्होल्टेज, वायर तिकडे वळा. तुकड्याच्या टोकाला साल लोंबत असेल, दोन तुकडे एकाच चिंधीने जोडलेले येत असतील तर फट वाढली आहे. टोकं चेचल्यासारखी, रस निघालेली दिसत असतील तर धार गेली आहे. एक तुकडा स्वच्छ, पुढचा फाटका, परत स्वच्छ, परत फाटका असं दिसलं तर दोन पात्यांपैकी एकाचीच फट बिघडलेली असते, हे तर हमखास. आणि तुकडे कापले नीट जातायत पण लांबीला मेळ नाही, एक इंचभर तर एक वीतभर, तर रोलर वैरण धरत नाहीये, घसरतोय.

फट कशी बघायची आणि कशी लावायची

हे काम दिवसाउजेडी, एकट्यानेच करायचं. एकट्याने यासाठी की एक जण बोल्ट आवळतोय आणि दुसऱ्याने "बघू बरं" म्हणत चाक फिरवलं, की आवळणाऱ्याची बोटं पात्याखाली सापडतात. तुम्ही काम करत असताना चाकाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. मोटरची पिन काढून स्वतःच्या खिशात ठेवता येत नाही, पण पट्टा तर उतरवता येतो. तो उतरवून बाजूला ठेवा.

जुनं वर्तमानपत्र घ्या, दोन पदर करा. ट्रेच्या बाजूने लांब पट्टीसारखा कागद पात्यापर्यंत सरकवा आणि चाक बाहेरच्या कडेला धरून हळू फिरवा. शिंप्याच्या कात्रीसारखा तो कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापला गेला पाहिजे. पाते आणि पट्टीत कागद दुमडून अडकला किंवा मधेच फाटला, तर जिथं फाटला तिथं खडूने खूण करा. प्रत्येक पात्यासाठी वेगळा कागद. बहुतेक वेळा कागद सुरुवातीला छान कापला जातो आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत दुमडतो, कारण पात्याचं एक टोक मागे सरकलेलं असतं.

आता पात्याचे मुख्य बोल्ट थोडे सैल करा, पूर्ण काढू नका. चाकाच्या आऱ्यात पात्यामागे बारीक बोल्ट असतात, ते पात्याला पट्टीच्या दिशेने ढकलतात. ज्या टोकाला कागद दुमडला तिकडचा बारीक बोल्ट पाव आटा फिरवा, मुख्य बोल्ट आवळा आणि पुन्हा कागद घाला. घाई करणारे इथंच चुकतात. एकदम पूर्ण आटा फिरवतात, पाते पट्टीला घासतं, ठिणगी उडते आणि धार जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट पुरे होते. मशीनसोबतच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. मुख्य बोल्ट आवळताना पाते किंचित हलतं, म्हणून आवळल्यानंतरची कागदाची चाचणीच खरी. शेवटी चाक हाताने पूर्ण फेरा फिरवून कान देऊन ऐका. कुठंही खर्र आवाज आला नाही पाहिजे.

पाती फिरवून लावली पण खालची पट्टी कोणी बघतच नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. पट्टीची वरची कड कालांतराने गोल होते. बोटाच्या नखाने नाही, पट्टी खोलून उजेडात धरून बघा. कडेवर चकाकणारी रेघ दिसली तर ती कड गोल झाली आहे. धारदार कड चकाकत नाही. बऱ्याच मशीनमध्ये पट्टी पालटून दुसऱ्या कडेने बसवता येते. पट्टी गोल असेल तर पात्याला कितीही धार लावा, चार दिवसांत वैरण दुमडायला लागणारच.

धार लावताना

पाती काढण्याआधी कुठलं पाते कुठल्या आऱ्यावर होतं आणि कुठली बाजू पट्टीकडे होती, हे रंगाने किंवा पंचने खुणावून ठेवा. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची. सपाट बाजू पट्टीसमोर येते, तिला ग्राइंडर लावला की तिथं फुगवटा तयार होतो आणि फट कधीच नीट लागत नाही. उताराचा मूळ कोन बदलू नका. जास्त बारीक केलेलं पाते पहिल्या दिवशी सुंदर कापतं आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, दुसऱ्या मोळीला त्याचे टवके उडतात.

ग्राइंडरवर पाते धरलं की ते तापतं. कड निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. थोडं घासा, पाण्यात बुडवा, परत थोडं घासा. दोन पाती असतील तर दोन्ही, तीन असतील तर तिन्ही एकाच वेळी काढून धार लावा आणि शेवटी वजन करून बघा. एक पाते हलकं आणि एक जड राहिलं तर चाक थरथरतं, त्या थरथरीने बोल्ट सैल होतात आणि लावलेली फट परत उघडते. बोल्ट जुनेच घासूनपुसून वापरू नका. आटे ओढले गेलेले बोल्ट बदला, आणि तेही साध्या लोखंडाचे नकोत, हाय टेन्साइल घ्या. फिरत्या चाकावरून पाते सुटलं तर ते पत्र्याचं झाकण फाडून बाहेर येतं.

ताकद कमी पडते तेव्हा

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा. बोटभर दबला तर ठीक, त्याहून लोंबत असेल तर मोटर मागे सरकवा. घसरणाऱ्या पट्ट्याचा जळका वास येतो आणि पुली गुळगुळीत चमकते. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना टाकला तर सगळा भार नव्यावर येतो.

घरापासून गोठ्यापर्यंत ओढलेली वायर हे दुसरं मोठं कारण. दोन एचपीची सिंगल फेज मोटर भाराखाली दहा-बारा अँपिअर सहज खेचते. तिला दिव्यासाठी ओढलेली बारीक वायर पुरत नाही. मोटर चालू असताना तिच्या टोकाशी व्होल्टेज मोजायला वायरमनला सांगा. बोर्डात २३० आणि मोटरजवळ १९० असेल तर दोष वायरीत आहे. अशी वायर तापते, तिच्यावरचं आवरण मऊ पडतं, आणि गोठ्यात खाली ओल असते. जनावरांच्या साखळ्या, पत्र्याचं मशीन आणि ओली जमीन एकत्र असताना अर्थिंगशिवाय मोटर चालवू नका. मोटर नुसती घुमते आणि उचलत नाही, पण चाकाला हाताने गती दिली की सुरू होते, असं असेल तर कंडेन्सर गेला आहे. तो बदला. चाकाला हाताने धक्का देऊन मोटर सुरू करायची सवय घरात कोणालाही लागू देऊ नका.

थ्री फेजवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खांबावर किंवा डीपीवर काम झालं की कधीकधी फेज उलटे जोडले जातात आणि मोटर उलटी फिरते. पाती पाठीने वैरणीवर आदळतात, मशीन ओढत नाही, आणि माणूस दोष शोधत बसतो. झाकणावर रंगाने बाण काढून ठेवा. लाईनचं काम झाल्यावर वैरण न घालता मशीन क्षणभर चालू करून दिशा बघा.

रोलर, वैरण आणि घालणाऱ्याचे हात

वरच्या रोलरच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग सारख्या ताणाच्या हव्यात. एक सैल असली की वैरण त्या बाजूला सरकते आणि कोपऱ्यात ठासते. रोलरच्या दातऱ्यांत ओल्या पानांची गुंडाळी बसते, ती रोजचं काम झाल्यावर, पिन काढून, विळ्याच्या टोकाने सोडवा.

वाढ्याच्या पानात सिलिका भरपूर असते, ती पात्याला कानशीसारखी खाते. त्यात तोडीच्या फडातली माती आली की धार आणखी लवकर जाते. मोळी आणल्यावर झटकून घ्या आणि बांधलेली दोरी किंवा तार हमखास सोडा. तारेचा तुकडा पाते तर मोडतोच, पण कुट्टीतून गव्हाणीत गेला तर गाय तो गिळते आणि तो पोटातून हृदयाकडे घुसतो. दोनशे रुपयांचं पाते परवडलं, असं म्हणायची वेळ येते. जून झालेलं हत्ती गवत बुडख्याशी बांबूसारखं टणक असतं. त्याची मूठ लहान धरा आणि बुडखा आधी घाला.

घालताना नेहमी लांब वैरण घाला. शेवटचे आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत, पुढच्या पेंढीच्या पाठीवर टाकायचे म्हणजे तीच त्यांना ढकलते. ट्रे इतका लांब असावा की त्याच्या तोंडाशी उभ्या माणसाचा हात रोलरपर्यंत पोचूच नये, आणि रोलरकडचा भाग वरून पत्र्याने झाकलेला असावा. तुमच्या मशीनचा ट्रे आखूड असेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून हातभर वाढवून घ्या. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आपल्या भागाला हे यंत्र नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असताना कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेत, कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसवली. हाताने चाक फिरवायच्या मशीनवर माणूस थांबला की पातं थांबायचं. मोटरचं तसं नाही. शिवाय बहुतेक घरांत कुट्टी करण्याचं काम बायकांकडे असतं, तेही दूध काढायच्या गडबडीत, पहाटे अंधारात. पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, हातात सैल बांगड्या नकोत, केस बांधलेले हवेत. पुरुषांनी गळ्यातला टॉवेल खुंटीला टांगावा. मशीनवर थेट उजेड पडेल असा दिवा लावा. लहान पोरं गोठ्यात असतील तर मशीन चालू करायचं नाही, आणि काम संपल्यावर चाकाला खुंटी घालूनच घरात यायचं. पोरं बंद मशीनचं चाक फिरवून खेळतात.

एवढं करूनही अपघात झालाच तर: आधी लाईट बंद. हात अडकलेला असेल तर मोटर उलटी चालवून काढायचा प्रयत्न करू नका, स्प्रिंग आणि रोलरचे बोल्ट सोडून हात मोकळा करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चहा पावडर, माती काहीही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते शोधा, स्वच्छ पाण्याने हलकं धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथं हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत अशा दवाखान्यात लवकरात लवकर पोचा. हात किंवा पाय कायमचा गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एका अवयवासाठी एक लाख रुपयांची तरतूद आहे. कागदपत्रांची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा, आणि उशीर करू नका.

फट लावूनही आठ दिवसांत परत अडकत असेल तर

मग पाती नाहीत, मुख्य शाफ्टचं बेअरिंग बघा. पिन काढा, पट्टा उतरवा, चाक दोन्ही हातांनी बाहेरच्या कडेला धरून स्वतःकडे ओढा आणि मागे ढकला. चाक पुढेमागे हलतंय, आत टकटक आवाज येतोय, तर बेअरिंग किंवा बुश झिजला आहे. अशा मशीनची फट रिकामं असताना कागदाला बरोबर दिसते आणि वैरणीचा भार आला की चाक मागे सरकून उघडते. कितीही वेळा लावा, उपयोग नाही. मेकॅनिककडे नेताना "मशीन अडकतंय" एवढंच सांगू नका, तो पात्याला धार लावून परत पाठवेल. "चाकाला पुढेमागे खेळ आहे, बेअरिंग बघा" असं सांगा, आणि मशीन घरी न्यायच्या आधी त्याच्यासमोरच चाक ओढून खेळ गेला का ते तपासा, मग कागदाची चाचणी तिथंच करून घ्या.